काबूलची माघार आणि संरक्षणमंत्र्यावरचा महाभियोग: जाब कुणाला विचारायचा?

२६ ऑगस्ट २०२१. काबूल विमानतळाच्या ॲबी गेटला लागून सांडपाण्याचा कालवा आहे. अकरा दिवसांपूर्वी तालिबानच्या हाती गेलेल्या काबूलमधून सुटण्यासाठी, त्या घाण पाण्यात उभी राहून, कागदपत्रं डोक्यावर धरून, शेकडो अफगाण माणसं आत घेण्यासाठी विनवण्या करत होती. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास एका आत्मघातकी हल्लेखोराने त्या गर्दीत स्वतःला उडवून दिलं. १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण माणसं गेली. तीन दिवसांनी अमेरिकेने काबूलमध्ये एका पांढऱ्या मोटारीवर ड्रोनहल्ला केला. दहशतवाद्यांना टिपलं असं आधी जाहीर झालं. मारले गेलेले दहाही जण निरपराध होते आणि त्यांत ७ मुलं होती, हे संरक्षण खात्याने १७ सप्टेंबरला मान्य केलं. त्याआधीच, ३० ऑगस्टला मध्यरात्रीला एक मिनिट कमी असताना, शेवटचं सी-१७ विमान उडालं होतं. वीस वर्षांचं युद्ध तिथे संपलं.

या माघारीच्या हाताळणीपायी अमेरिकेत एकाही मंत्र्याला पद सोडावं लागलं नाही, एकाही जनरलला हटवलं गेलं नाही. लोकांचा संताप झाला तो यामुळे, आणि तो रास्त होता. त्या संतापातूनच तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉईड ऑस्टिन यांच्यावर महाभियोग चालवा, अशी मागणी काही रिपब्लिकन खासदारांनी लावून धरली. युद्ध हाताळताना झालेल्या चुकांसाठी मंत्र्यावर महाभियोग चालवता येतो का, आणि चालवावा का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं आपल्यालाही माहीत असायला हवीत, कारण हरलेल्या किंवा फसलेल्या मोहिमेचा हिशोब मागण्याची वेळ कुठल्याही लोकशाहीवर येते.

मंत्र्यावर महाभियोग कशाला?

आपल्याकडे महाभियोग म्हटलं की राष्ट्रपती किंवा न्यायाधीश आठवतात. राज्यघटनेच्या कलम ६१ मध्ये राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाची तरतूद आहे, आणि सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांना पदावरून दूर करण्याच्या प्रक्रियेलाही आपण तेच नाव देतो. मंत्र्यावर महाभियोग ही कल्पनाच आपल्याकडे नाही. तिची गरज पडत नाही, कारण मंत्री संसदेत बसतो, रोज प्रश्नांना उत्तरं देतो, मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं आणि सभागृहाचा विश्वास उडाला तर सरकारच पडतं. पंतप्रधानांना वाटलं तर ते एका मंत्र्यालाही घरी पाठवू शकतात.

अमेरिकेत मंत्री काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य असूच शकत नाही. राष्ट्राध्यक्ष त्याला नेमतात, सिनेट, म्हणजे काँग्रेसचं वरिष्ठ सभागृह, मंजुरी देते आणि मग तो राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेपर्यंत राहतो. काँग्रेस त्याला समितीपुढे बोलावू शकते, तासन्‌तास फैलावर घेऊ शकते, त्याच्या खात्याचा निधी रोखू शकते. अविश्वास ठराव आणून त्याला काढू मात्र शकत नाही. राष्ट्राध्यक्ष आपल्या मंत्र्याच्या पाठीशी उभे राहिले तर काँग्रेसच्या हाती त्याला हटवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे महाभियोग.

याचे दोन टप्पे असतात. प्रतिनिधीगृह, म्हणजे कनिष्ठ सभागृह, आरोपांची कलमं साध्या बहुमताने मंजूर करतं. हे झालं आरोपपत्र. मग सिनेटमध्ये खटला चालतो आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात. आपल्याकडच्या बातम्यांत इथे हमखास घोटाळा होतो. पहिला टप्पा पार पडला म्हणजे माणूस पदावरून गेला, असं वाचकाला वाटतं. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर प्रतिनिधीगृहाने दोनदा महाभियोग मंजूर केला आणि सिनेटने दोन्ही वेळा त्यांना निर्दोष सोडलं, हे ध्यानात ठेवलं की गोंधळ होत नाही. दोषी ठरल्यास शिक्षा एवढीच: पद जातं, आणि सिनेटने ठरवलं तर पुढे कुठलंही केंद्रीय पद भूषवता येत नाही. तुरुंग नाही, दंड नाही. फौजदारी गुन्हा असेल तर त्याचा खटला न्यायालयात वेगळा. राष्ट्राध्यक्षांच्या माफीच्या अधिकारातून मात्र महाभियोग वगळलेला आहे.

महाभियोग कुणावर चालतो, हेही राज्यघटनेत लिहिलेलं आहे: राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि सर्व मुलकी अधिकारी. लष्करी गणवेशातले अधिकारी यात येत नाहीत, असाच त्याचा अर्थ आजवर लावला गेला आहे. त्यांच्यासाठी लष्करी कायदा आणि कोर्ट मार्शल आहे. म्हणून काबूलच्या वेळी संयुक्त सेनाप्रमुख असलेले जनरल मार्क मिली किंवा त्या प्रदेशाचे कमांडर जनरल फ्रँक मॅकेन्झी यांच्यावर महाभियोगाची भाषा करण्यात अर्थ नव्हता. ऑस्टिन मात्र मुलकी पदावर होते. ते स्वतः चार तारे मिळवून २०१६ मध्ये निवृत्त झालेले जनरल. निवृत्तीनंतर सात वर्षं लोटल्याशिवाय लष्करी अधिकाऱ्याला संरक्षणमंत्री होता येत नाही, असा तिथे कायदा आहे. त्यांच्यासाठी काँग्रेसने त्यातून सूट दिली. अशी सूट त्याआधी दोघांनाच मिळाली होती, १९५० मध्ये जॉर्ज मार्शल यांना आणि २०१७ मध्ये जिम मॅटिस यांना. लष्करावर मुलकी माणसाचा अंकुश असावा म्हणून जे पद निर्माण केलं, त्यावर नुकताच निवृत्त झालेला जनरल बसवणं मला तेव्हाही चुकीचं वाटलं होतं. अंकुश धरणारा हात आणि ज्यावर अंकुश धरायचा तो हात एकाच संस्थेत घडलेले असले की चौकशी कडक होण्याची शक्यता कमी होते. पुढे काय झालं ते पाहता ही शंका मनातून जात नाही.

अकार्यक्षमता हा गुन्हा आहे का?

सगळा वाद इथे येऊन अडतो. महाभियोगाची कारणं राज्यघटनेने तीन सांगितली आहेत: देशद्रोह, लाचखोरी आणि ‘इतर गंभीर गुन्हे व गैरवर्तन’. पहिली दोन स्पष्ट आहेत. तिसऱ्याचा अर्थ काय, यावर सव्वादोनशेहून अधिक वर्षं वाद चालू आहे.

हे शब्द राज्यघटनेत कसे आले, ती हकिकत मराठी वाचकाने जरूर वाचावी, कारण तिचा एक धागा आपल्या मातीतून जातो. ८ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात घटना बनवणाऱ्यांची बैठक चालू होती. मसुद्यात तोवर देशद्रोह आणि लाचखोरी एवढीच कारणं होती. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठले आणि म्हणाले, एवढ्याने भागणार नाही. वॉरन हेस्टिंग्जवर देशद्रोहाचा आरोप कुठे आहे? बंगालचा माजी गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्यावर त्याच काळात इंग्लंडमध्ये महाभियोगाची कारवाई चालू होती. ब्रिटिश खासदार एडमंड बर्क यांनी त्याच्यावर ठेवलेल्या आरोपांच्या मूळ यादीत मराठ्यांशी केलेलं युद्ध आणि तह यांवरही एक कलम होतं. मेसन यांनी सुचवलं की ‘गैरकारभार’ हेही कारण घाला. जेम्स मॅडिसन यांनी लगेच हरकत घेतली. इतका मोघम शब्द घातला तर सिनेटची मर्जी असेपर्यंतच राष्ट्राध्यक्ष पदावर राहील, असं त्यांचं म्हणणं. मेसन यांनी तो शब्द मागे घेतला आणि त्याऐवजी गंभीर गुन्हे व गैरवर्तन हे शब्द घातले. ते मंजूर झाले.

म्हणजे वाईट कारभार हे कारण घटनाकारांपुढे आलं होतं आणि त्यांनी ते विचारपूर्वक वगळलं. माझ्या मते काबूलच्या प्रश्नावरचा सर्वांत भक्कम कायदेशीर युक्तिवाद हाच आहे. निर्णय चुकला, अंदाज फसला, नियोजन ढिसाळ झालं, एवढ्यावर महाभियोग उभा राहत नाही. त्यासाठी सत्तेचा दुरुपयोग, कायद्याची जाणूनबुजून पायमल्ली, काँग्रेसची फसवणूक किंवा स्वार्थासाठी पदाचा वापर यांपैकी काहीतरी दाखवावं लागतं. जिवावर उठणारी बेफिकिरी यात मोडते का, यावर विद्वानांत मतभेद आहेत आणि प्रतिनिधीगृहाला वाटलं तर ते ‘हो’ म्हणू शकतं. त्यावर न्यायालयात दाद मागता येत नाही. पण सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं अशा आरोपावर मिळवायची असतील, तर विरुद्ध पक्षाचे सदस्यही हलले पाहिजेत असा पुरावा लागेल.

काबूलमध्ये कुणी काय ठरवलं

आता पुरावा पाहू. निर्णयांची साखळी उलगडली की जबाबदारी इतक्या जणांत विभागलेली दिसते की कुणा एकावर खापर फोडणं अवघड होऊन बसतं.

पहिली कडी दोहा करार, २९ फेब्रुवारी २०२०. ट्रम्प सरकार आणि तालिबान यांच्यात तो झाला. काबूलचं अफगाण सरकार त्यात पक्षकारच नव्हतं. १ मे २०२१ पर्यंत सगळं परदेशी सैन्य निघून जाईल, असं ठरलं आणि अफगाण सरकारच्या तुरुंगातले ५,००० तालिबानी कैदी सोडण्याचं कलमही त्यात होतं. जानेवारी २०२१ मध्ये जो बायडन आले तेव्हा अमेरिकेचे फक्त २,५०० सैनिक तिथे उरले होते.

दुसरी कडी बायडन यांचा निर्णय. १४ एप्रिल २०२१ रोजी त्यांनी ११ सप्टेंबरपर्यंत पूर्ण माघारीची घोषणा केली आणि पुढे ही तारीख ३१ ऑगस्टवर आणली. मिली आणि मॅकेन्झी या दोघांचंही मत २,५०० सैनिक ठेवावेत असं होतं, ते त्यांनी २८ सप्टेंबर २०२१ रोजी सिनेट समितीपुढे सांगितलं. ऑगस्टमधल्या दूरचित्रवाणी मुलाखतीत बायडन यांनी, असा सल्ला कुणी दिल्याचं मला आठवत नाही, असं म्हटलं होतं. त्या दोघांचं मत राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचलं होतं, असं ऑस्टिन यांनी त्याच सुनावणीत स्पष्ट केलं. इथे राष्ट्राध्यक्षांचं बोलणं आणि सेनानींची साक्ष एकमेकांशी जुळत नाही. पण सल्ला न मानण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहेच, आणि सैन्य काढून घ्यायचं हे धोरण निवडून आलेल्या माणसाने ठरवायचं असतं.

तिसरी कडी बगराम. काबूलच्या उत्तरेचा हा प्रचंड हवाई तळ, दोन धावपट्ट्यांचा. जुलैच्या सुरुवातीला अमेरिकी सैन्य तो रात्रीत सोडून गेलं. ते गेल्याचं आपल्याला नंतर कळलं, असं तळाच्या अफगाण कमांडरने पत्रकारांना सांगितलं. हा तळ का सोडला? दूतावासाच्या रक्षणापुरतेच सहा-सातशे सैनिक ठेवायचे, असं वरून ठरलं होतं. तेवढ्या बळावर दूतावास आणि बगराम दोन्ही सांभाळणं शक्य नव्हतं. बगराम राखायला ५,००० पर्यंत सैनिक लागले असते, असं ऑस्टिन यांनी सांगितलं. मग ऑगस्टमध्ये काबूल पडल्यावर जवळपास तेवढेच, पाच-सहा हजार सैनिक घाईघाईने परत पाठवावे लागले, आणि तेही शहराच्या कुशीतल्या, एकच धावपट्टी असलेल्या विमानतळावर. बगरामच्या तुरुंगातले कैदी १५ ऑगस्टला तालिबानने मोकळे केले. ॲबी गेटवर स्फोट करणारा त्यांतलाच एक होता, असं अमेरिकेच्या नंतरच्या तपासातून पुढे आलं. हा धागा वाचताना आजही अंगावर काटा येतो.

चौथी कडी लोकांना बाहेर काढण्याची. संकटात सापडलेल्या देशातून नागरिकांना हलवण्याचा आदेश कधी द्यायचा, हे अमेरिकेत परराष्ट्र खातं ठरवतं. लष्कर तो आदेश अमलात आणतं. ६ ऑगस्टला झरंज पडलं, प्रांतांच्या राजधान्या एकामागून एक कोसळत गेल्या, तरी आदेश आला तो १४ ऑगस्टला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून पळाले आणि तालिबान काबूलमध्ये शिरलं. मूळ चूक ही होती, आदेश फार उशिरा आला, असं मिली यांनी मार्च २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे सांगितलं. तो उशीर तेव्हाचे परराष्ट्रमंत्री अँटनी ब्लिंकन यांच्या खात्याचा होता, ऑस्टिन यांच्या खात्याचा नव्हे. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत सुमारे १,२४,००० माणसं विमानांनी बाहेर काढली गेली, हेही नोंदवलंच पाहिजे. त्या वैमानिकांचं आणि सैनिकांचं काम अफाट होतं. वेळेचं नियोजन चुकलं नसतं, तर इतक्या घाईत, इतक्या गर्दीत ते करायची पाळीच आली नसती.

यात एक हिशोब नेहमी चुकीचा सांगितला जातो म्हणून इथेच सांगतो. ८५ अब्ज डॉलरची शस्त्रं तालिबानच्या हाती सोडली, असं म्हटलं जातं. तो आकडा वीस वर्षांत अफगाण सुरक्षा दलांवर झालेल्या एकूण खर्चाचा आहे, त्यात पगार आणि प्रशिक्षणही आलं. प्रत्यक्षात मागे राहिलेल्या साहित्याची किंमत सुमारे ७ अब्ज डॉलर होती आणि ते अमेरिकेने अफगाण सैन्याला आधीच दिलेलं होतं. हेही कमी नाही, पण आरोप करायचा तर आकडा खरा हवा.

मग खास ऑस्टिन यांच्या स्वतःच्या निर्णयाचं काय उरतं? बगराम सोडण्याच्या योजनेला त्यांची मंजुरी होती. आणि दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल मला सर्वांत जास्त राग आहे: डिसेंबर २०२१ मध्ये, त्या दहा निरपराधांना मारणाऱ्या ड्रोनहल्ल्याबद्दल कुणालाही शिक्षा करायची नाही, ही वरिष्ठ कमांडरांची शिफारस त्यांनी मान्य केली. हा निर्णय राष्ट्राध्यक्षांनी लादलेला नव्हता, परराष्ट्र खात्याचा नव्हता, घाईतही घेतलेला नव्हता. महाभियोगाची मागणी करणाऱ्यांचा भर मात्र बगराम, शस्त्रं आणि ॲबी गेट यांवर राहिला. त्या सात मुलांसाठी कुणी आरोपपत्र लिहिलं नाही.

आजवर काय घडलं आहे

अमेरिकेच्या इतिहासात संरक्षणाचं खातं सांभाळणाऱ्या एकाच मंत्र्यावर प्रतिनिधीगृहाने महाभियोग मंजूर केला आहे. तो विल्यम बेल्कनॅप, १८७६ मधला युद्धमंत्री. फोर्ट सिल या लष्करी ठाण्यावर दुकान चालवण्याचा मक्ता देण्याच्या बदल्यात त्याच्या घरी वर्षानुवर्षं पैसे पोचत होते. २ मार्च १८७६ रोजी मतदानाच्या काही तास आधी त्याने राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे धाव घेऊन राजीनामा दिला. प्रतिनिधीगृहाने तरीही त्याच दिवशी एकमताने महाभियोग मंजूर केला. सिनेटमध्ये बहुसंख्य सदस्यांनी त्याला दोषी मानलं, पण पद सोडलेल्या माणसावर खटला चालवता येतो का याबद्दल अनेकांना शंका होती, आणि दोन-तृतीयांशाचा आकडा काही गाठता आला नाही. रोख लाचेच्या प्रकरणात ही गत झाली. तिथे फसलेल्या नियोजनाचं काय होणार?

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. अंतर्गत सुरक्षामंत्री अलेहांद्रो मेयोर्कस यांच्यावर १३ फेब्रुवारी २०२४ रोजी, दुसऱ्या प्रयत्नात, २१४ विरुद्ध २१३ अशा एका मताच्या फरकाने महाभियोग मंजूर झाला. आरोप होता सीमेवरचे कायदे जाणूनबुजून न पाळल्याचा. एप्रिलमध्ये सिनेटने खटला न चालवताच, ही कलमं महाभियोगाच्या निकषात बसत नाहीत असं म्हणून प्रकरण निकालात काढलं. मतदान जवळजवळ पूर्णपणे पक्षनिहाय झालं. धोरणावरच्या भांडणासाठी महाभियोग वापरला की असं होतं. पुरावा तपासला जात नाही, साक्षीदार उभे राहत नाहीत आणि सामान्य माणसाला खरं काय ते कळत नाही.

ऑस्टिन यांच्याविरुद्धचे प्रस्ताव तर तिथपर्यंतही पोचले नाहीत. प्रतिनिधीगृहात कुणीही एक सदस्य असा प्रस्ताव दाखल करू शकतो. मग तो समितीकडे जातो आणि बहुतेक वेळा तिथेच पडून राहतो. काबूलवरून दाखल झालेले प्रस्ताव असेच राहिले. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्टिन यांच्यावर आणखी एक प्रस्ताव आला, तो वेगळ्या कारणासाठी. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ते पुन्हा रुग्णालयात दाखल झाले, आणि देशाचा संरक्षणमंत्री अतिदक्षता विभागात आहे हे व्हाइट हाऊसला तीन दिवस माहीत नव्हतं. तोही प्रस्ताव पुढे सरकला नाही.

अशा प्रस्तावांशी एक मराठी नावही जोडलं गेलं आहे. मूळचे बेळगावचे आणि मिशिगनमधून निवडून आलेले डेमोक्रॅटिक खासदार श्री ठाणेदार यांनी डिसेंबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांच्याविरुद्ध महाभियोगाची कलमं मांडली. त्याचा विषय माघारीचा नव्हता. कॅरिबियन समुद्रातल्या बोटींवरचे प्राणघातक हल्ले आणि गोपनीय माहितीची हाताळणी हे आरोप होते. पक्ष बदलला की प्रस्ताव मांडणारे आणि त्यांना विरोध करणारे जागा बदलतात, मार्ग तोच राहतो.

वडगाव आणि १९६२

फसलेल्या माघारीची जबाबदारी ठरवण्याचा प्रश्न आपल्या मावळातही एकदा उभा राहिला होता. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज बोरघाट चढून आली. तिचं नेतृत्व एका माणसाकडे नव्हतं, एका समितीकडे होतं. कर्नल एगर्टन लष्करी आणि जॉन कार्नाक मुलकी, अशी तिची रचना. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या लोकांचा इष्टुर फाकडा, पडला. तळेगावला पोचले तर मराठ्यांनी गाव जाळून रिकामं केलेलं. पुणं हाकेच्या अंतरावर असताना समितीचा धीर सुटला. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून, सामान जाळून फौज मागे फिरली. महादजी शिंद्यांच्या सैन्याने तिला वडगावला घेरलं आणि इंग्रजांना मान खाली घालून तह करावा लागला. पिछाडी सांभाळणाऱ्या कॅप्टन हार्टलीचा माघारीला विरोध होता, पण त्याचं कुणी ऐकलं नाही.

यानंतर कंपनीच्या संचालकांनी काय केलं? कार्नाक, एगर्टन आणि एगर्टननंतर फौजेची सूत्रं हाती घेतलेला कॉकबर्न या तिघांना नोकरीतून काढून टाकलं, आणि हार्टलीला बढती मिळाली. नफ्यासाठी राज्यं गिळणाऱ्या कंपनीचं कौतुक करण्याचं मला काहीच कारण नाही. पण त्या तिघांना घरी पाठवायला महाभियोग लागला नाही, लाच सिद्ध करावी लागली नाही. वरिष्ठांनी अहवाल वाचले आणि तुम्ही या कामाला लायक नाही असं ठरवलं. अमेरिकेतही हा अधिकार आहे. तो राष्ट्राध्यक्षांच्या हातात आहे, आणि ऑगस्ट २०२१ नंतर तो कुणावरही वापरला गेला नाही.

आपल्या संसदीय पद्धतीचं उदाहरण १९६२ चं. चीनपुढे पीछेहाट झाल्यावर संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांना काँग्रेस पक्षाच्या खासदारांच्याच रेट्यामुळे जावं लागलं. पंडित नेहरूंची त्यांना काढायची इच्छा नव्हती, तरी काढावं लागलं. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य तेव्हापासून आपल्या तोंडी आहे. मंत्री लवकर गेला, खटल्याशिवाय गेला. पण पराभव का झाला याची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल सरकारने आजवर जनतेपुढे ठेवलेला नाही. साठ वर्षं उलटून गेली. मंत्र्याचा राजीनामा मिळाला आणि सत्य कपाटात राहिलं, याचं मला काबूलच्या प्रकरणाइतकंच वाईट वाटतं.

मग जाब विचारायचा कसा?

काबूलनंतर अमेरिकेत चौकश्या झाल्या नाहीत असं नाही. परराष्ट्र खात्याने स्वतःच्या कामाचा आढावा घेऊन ट्रम्प आणि बायडन दोघांच्याही कारकिर्दीतल्या त्रुटी लिहून ठेवल्या. प्रतिनिधीगृहाच्या परराष्ट्र समितीने मायकल मॅकॉल यांच्या अध्यक्षतेखाली शेकडो पानांचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये दिला. तो निवडणुकीच्या तोंडावर आला आणि त्यात दोहा करारापेक्षा बायडन यांच्यावरच रोख होता, म्हणून अर्ध्या देशाने तो उघडूनही पाहिला नाही. त्याच महिन्यात प्रतिनिधीगृहाने बायडन, कमला हॅरिस आणि इतर अनेक अधिकाऱ्यांचा नावानिशी निषेध करणारा ठरावही केला. निषेधाने कुणाचं पद जात नाही.

जनरल मिली यांना सिनेटमध्ये विचारलं गेलं होतं की सल्ला मानला नाही तर राजीनामा का दिला नाहीत. त्यांचं उत्तर असं की मुलकी नेतृत्वाने सल्ला ऐकलाच पाहिजे असं नाही, आणि तेवढ्यासाठी सेनापती राजीनामे देऊ लागले तर तो राजकीय बंडाचा प्रकार होईल. मला हे उत्तर पटतं. पण मग उत्तरदायित्वाचं ओझं मुलकी नेतृत्वावर अधिकच पडतं. शिक्षा झाली ती लेफ्टनंट कर्नल स्टुअर्ट शेलर या मरीन अधिकाऱ्याला. ॲबी गेटच्या स्फोटानंतर गणवेशात व्हिडिओ करून त्याने वरिष्ठांनो, जबाबदारी घ्या, असं जाहीर म्हटलं. लष्करी शिस्तीचा तो भंग होता, त्याने कोर्ट मार्शलपुढे गुन्हा कबूल केला आणि त्याला ताशेरे व ५,००० डॉलरची पगारकपात झाली. शिस्त हवीच, पण प्रश्न विचारणाऱ्याचं कोर्ट मार्शल दोन महिन्यांच्या आत उरकलं आणि प्रश्नाचं उत्तर वर्षानुवर्षं रखडलं, ही गोष्ट मला स्वीकारता येत नाही.

मे २०२५ मध्ये हेगसेथ यांनी माघारीच्या फेरतपासणीसाठी एक विशेष मंडळ नेमलं आणि त्यात याच शेलर यांना घेतलं. ज्यांनी आधीच ठाम भूमिका घेतलेली आहे, त्यांनी केलेला तपास दुसरी बाजू कितपत मानेल, याबद्दल मला शंका आहे. त्यापेक्षा माझा भरवसा डिसेंबर २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या १६ सदस्यांच्या अफगाणिस्तान युद्ध आयोगावर जास्त आहे. त्याचे सदस्य दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी नेमलेले आहेत, आणि त्याला फक्त शेवटचे दोन आठवडे नव्हे, तर जून २००१ ते ऑगस्ट २०२१ असा सगळा काळ तपासायचा आहे. पद काढून घेण्याचा अधिकार त्याला नाही. दोहा कराराच्या मेजावर अफगाण सरकार का नव्हतं, बगराम सोडताना काबूलचा विचार कुणी केला होता, लोकांना हलवण्याचा आदेश १४ ऑगस्टपर्यंत का थांबला आणि ड्रोनहल्ल्याच्या शिक्षेची फाइल कुणाच्या टेबलावर बंद झाली, याची नावानिशी उत्तरं त्याने लिहावीत, आणि ती त्या दहा जणांच्या नातेवाइकांनाही वाचता यावीत म्हणून दारी आणि पश्तू भाषांतही छापावीत.